फुकट मिळणारं तारण आणि आमची खर्चिक मंडळी

चर्चमध्ये प्रीतिभोजन झालं की किचनमध्ये कुणाचा तरी डबा मागे राहतो. पुढच्या रविवारी विचारलं तर तो कुणाचाच नसतो! असे डबे साठून साठून आमच्या चर्चचं एक अख्खं कपाट भरलंय. किश्श्यांचंही तसंच. दर रविवारी कोणीतरी काहीतरी बोलतं, घरी जाऊन विसरतं, आणि ते माझ्याकडे राहतं. मी चर्च कमिटीची सेक्रेटरी, त्यामुळे डब्यांचं कपाटही माझ्याच ताब्यात आणि किस्सेही.

धंद्यानं मी विमा एजंट. आठवडाभर नाशिकभर फिरून लोकांना सांगते, हप्ते भरा, निर्धास्त राहा. आणि रविवारी आमचे भालेराव पाळकसाहेब पुलपिटावरून सांगतात, सगळ्यात मोठ्या गोष्टीला हप्ताच नाही! तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळत नाही. ख्रिस्तानं वधस्तंभावर किंमत चुकती केलीय, आपण फक्त हात पुढे करायचा.

हा साहेबांचा लाडका विषय. नाताळ असो, नामकरण असो, नव्या गाडीसाठी प्रार्थना असो, गाडी फिरून तिथंच येते. एकदा लग्नात बोलले, "हे फुकट आहे, याचे पैसे कोणीही मागू शकत नाही!" तर नवरीचे वडील लगेच उठून हॉलच्या मॅनेजरला शोधायला गेले.

पण आमच्या लोकांचाही दोष नाही. साहेब तासभर सांगणार की पैशानं काही होत नाही, आणि "आमेन" म्हटलं की लगेच दानाची थैली फिरणार! माणसानं समजायचं काय?

* * *

थैलीवरून आठवलं. आमची थैली म्हणजे लांब दांड्याची, लाल मखमलीची. बाकाच्या टोकाला उभं राहून पार भिंतीपर्यंत पोचवता येते.

इंदिरानगरला माझ्या शेजारी जोशीकाकू राहतात. फार गोड बाई. नाताळची गाणी ऐकायला मी त्यांना एकदा चर्चमध्ये घेऊन गेले. काकू पैठणी नेसून आल्या, दुसऱ्या बाकावर बसल्या, प्रत्येक गाण्याला ताल धरला.

मग थैली आली. काकूंनी तिच्यात हात घातला, एक नोट बाहेर काढली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि पर्समध्ये ठेवली!

थैली धरणारा भाऊ दांडा तसाच धरून उभा. त्याला पुढे जावं की थांबावं कळेना. काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुमच्यात प्रसाद रोख देतात? बरंय की गं! आमच्याकडे साखरफुटाण्यांवर भागवतात."

उपासना संपल्यावर घाबरत घाबरत पाळकसाहेबांना सांगितलं. म्हटलं, माझ्याकडून भरते, काकूंना काही बोलू नका.

साहेब खूश! म्हणाले, "अहो, राहू द्या! इतकी वर्षं ओरडतोय, फुकट आहे, फुकट आहे. एकीनं तरी ऐकलं!"

* * *

मग थैलीच्या जोडीला क्यूआर कोड आला. आमचा ट्रेझरर विनय आयटीत आहे. त्यानं पुलपिटाच्या बाजूला कोडचा स्टँड ठेवला, बाकांवरही कोड चिकटवले, आणि दुकानात असतो तसला बोलणारा डबाही आणला. प्लग पॉइंट एकच होता, नेमका पुलपिटाखाली. डबा तिथंच बसवला.

त्या रविवारी साहेबांचं प्रवचन होतं, दान गाजावाजा न करता द्यावं. साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "देणाऱ्याचं नाव फक्त देवाला कळावं…"

"एक्कावन्न रुपये प्राप्त झाले!" पुलपिटाखालून एक बाई ओरडली.

सगळी मंडळी दचकली. मागच्या बाकावरच्या एका आजींनी तर क्रूसाकडे बघून हात जोडले. विनय डबा बंद करायला पुढे निघाला, पण साहेबांनी डोळ्यांनी दटावून त्याला खाली बसवलं. प्रवचनात कोणी उठलेलं त्यांना खपत नाही.

"एकशे एक रुपये प्राप्त झाले!"

आता लोक माना वळवून बघायला लागले, कुणाच्या हातात मोबाईल आहे ते. मग चुरस लागली! दोनशे झाले, पाचशे झाले. पहिल्या बाकावर आमचे शलमोन अण्णा बसतात. मोठे बिल्डर. त्यांनी शांतपणे चष्मा लावला, मोबाईल काढला, आणि डबा गरजला, "पाच हजार एक रुपये प्राप्त झाले!" कोपऱ्यातून कोणीतरी "हालेलूया!" म्हटलं.

साहेबांनी प्रवचन आवरतं घेतलं, दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि कळवळून प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, तुझ्या अमूल्य कृपेची किंमत कोण सांगू शकेल?"

"अकरा रुपये!" डबा म्हणाला.

ते अकरा रुपये कोणी पाठवले, हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही.

* * *

शलमोन अण्णांचं आता नीट सांगितलं पाहिजे. माणूस दिलदार. कुणाच्या घरी आजारपण आलं की अण्णांची गाडी दारात. फक्त एक खोड, दिलेलं दिसलं पाहिजे.

एकदा कमिटीत आले आणि म्हणाले, "चर्चचं गेट फार साधं आहे. मी कमान बांधून देतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी डिझाईन दाखवलं. दगडी कमान, दोन्ही बाजूंना देवदूत, वर सोनेरी अक्षरांत 'स्वर्गाचे दार'. त्याखाली 'सौजन्य', आणि त्याखाली, स्वर्गापेक्षा मोठ्या अक्षरांत, अण्णांच्या कंपनीचं नाव आणि लोगो!

पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "अण्णा, स्वर्गाच्या दाराला सौजन्य एकाचंच. ते आधीच झालंय."

अण्णा म्हणाले, "ते आहेच हो! त्यांचं नाव उपासनेत असतं. माझं गेटवर."

वाद वाढला. कोणी म्हणे लोगो काढा, कोणी म्हणे लहान करा. तेवढ्यात आमचे क्वायर मास्तर सॅम्युएल सर उठले. सरांनी अण्णांच्या स्कीममध्ये फ्लॅट बुक केला होता, आणि बुकिंगच्या वेळी बाळ असलेला त्यांचा मुलगा आता दाढी करायला लागला होता.

सर फार शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, लावू द्या अण्णांचं नाव. स्वर्ग जर यांच्या स्कीममध्ये असेल, तर पझेशन मिळेपर्यंत आपल्यातलं कोणी मरत नाही!"

अण्णांनी डिझाईनची गुंडाळी केली आणि काखेत मारली. सरांना मात्र पुढच्याच महिन्यात किल्ली मिळाली.

* * *

येशुदासकाका एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले. कुठलीही गोष्ट ते मॅन्युअल वाचल्याशिवाय वापरत नाहीत. मिक्सरसुद्धा.

एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला बोलावलं. "बेटा, तू विम्यातली. जरा पाळकसाहेबांकडे माझ्याबरोबर चल. टेक्निकल प्रश्न आहे."

आम्ही गेलो. काका खुर्चीत ताठ बसले. "साहेब, माझं तारण झालेलं आहे. बरोबर?"

"विश्वास ठेवलात, म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

"मग त्याला नॉमिनी लावता येतो का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

काका म्हणाले, "आमचा रॉबिन चर्चला येत नाही. रविवारी क्रिकेट खेळतो. उद्या मी गेलो, तर माझ्या नावावरचं त्याच्या नावावर व्हावं, एवढीच इच्छा आहे." बोलताना त्यांचा आवाज हलला. मला हसू येत होतं, ते एकदम थांबलं.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "काका, ते ट्रान्सफर होत नाही. रॉबिनला स्वतःलाच हात पुढे करावा लागेल."

"मी काही जास्तीचं दान भरलं तर? त्याच्या नावानं?"

"त्याला भरायचं नसतंच, काका. तुम्हालाही नव्हतं, त्यालाही नाही."

काकांनी मान डोलावली. मग पुन्हा पुढे सरकले. "बरं, हे सांगा. एकदा मिळालेलं तारण लॅप्स होतं का?"

साहेब पेन फिरवत बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "त्यावर… ख्रिस्ती विद्वानांमध्ये दोन मतं आहेत."

काका माझ्याकडे वळले. "बघ! सगळ्या पॉलिसींचं हेच. खरी भानगड शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत!"

* * *

मध्यंतरी शहरात एका बाहेरगावच्या सुवार्तिकाची सभा झाली. लॉन्सवर मोठा मांडव, धुराचं मशीन, आणि पांढरे शुभ्र बूट घातलेले ते गृहस्थ. पाळकसाहेब गेले नाहीत. आम्ही मात्र सगळे गेलो!

बरोबर चांदवडचे दाविदतात्या होते. तात्यांचा कांदा. लेक नाशिकला दिलेली, म्हणून महिन्यातून एखादा रविवार ते आमच्या चर्चला असतात.

सुवार्तिक स्टेजवर इकडून तिकडे धावत होते. "बीज पेरा! आज देवाच्या कामात तुम्ही जे पेराल, ते तुम्हाला शंभरपट परत मिळेल! कर्ज फिटेल, आजार जाईल, स्वर्गातली जागा पक्की होईल! कोण पेरणार?"

तात्यांनी हात वर केला. लगेच एकानं माईक आणून दिला.

"साहेब, शंभरपट नक्की का?"

"नक्की!"

"मंग असं करा. तुमचा विश्वास लय मोठा, आमचा बारका. तर तुमीच आमच्या मंडळीत पेरा. तुमचं शंभरपट तुमी घ्या, आमी नुसतं बियाणं ठिवून घेतो."

मांडवात हशा. सुवार्तिकांनी घाम पुसला. "भाऊ, तसं नसतं. मी फक्त मधला माणूस आहे. तुमचं देवाकडे पोचवतो, देवाचं तुमच्याकडे पोचवतो."

तात्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी अडत्या! आधी सांगायचं ना! आमच्या मार्केटात बी हायेत. माल आमचा, पैसा व्यापाऱ्याचा, अन् गाडी यांच्या दारात!"

माईक परत घेतला गेला. धुराचं मशीन सुरू झालं.

* * *

दरवर्षी आमच्याकडे हंगामाची उपासना होते. ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी आणायचं, वेदीपुढे मांडायचं, आणि नंतर आवारात त्याचा लिलाव. पेठकडच्या डोंगरातून आमची थोडी मंडळी येते. नागली, भात, वाल असं काय काय घेऊन येतात. त्यातल्या रिबेकामावशींनी त्या वर्षी दुधी आणला होता.

लिलाव पुकारायला दाविदतात्या. दुधी वर धरला. अण्णांनी बोली लावली. तर पलीकडून एका डॉक्टरीणबाईंनी वाढवली. त्यांचं आणि अण्णांचं पार्किंगवरून वाजलेलं होतं. अण्णांनी अजून वाढवली. बाईंनी अजून. बघता बघता त्या दुध्याच्या पैशात स्कूटर आली असती!

आम्हाला मजा वाटत होती. रिबेकामावशी मात्र घाबरल्या. गर्दीतून वाट काढत तात्यांजवळ आल्या आणि त्यांचा हात धरला. "भाऊ, थांब. या लोकांना कोणी काय सांगलं? त्याच्यात औषध नाय, काय नाय. नुसता दुधी हाय!"

तात्या म्हणाले, "मावशी, माहितीये त्यांना."

"माहिती हाय तरी?" मावशींनी एकदा अण्णांकडे आणि एकदा डॉक्टरीणबाईंकडे असं बघितलं, जसं आपण तापानं बडबडणाऱ्या माणसाकडे बघतो.

शेवटी दुधी अण्णांना सुटला. टाळ्या, शिट्ट्या. अण्णा तो खांद्यावर घेऊन फोटो काढत होते, तेवढ्यात मावशी पिशवी घेऊन त्यांच्यापुढे आल्या. आत हात घालून अजून एक दुधी काढला. पहिल्यापेक्षा मोठा!

"दादा, ह्यो बी घे. तसाच घे. मगाशी मागितला असतास तर दोनी दिले असते, कशाला येवढा ओरडत होतास?"

* * *

आता अण्णांच्या बायपासचं सांगते आणि थांबते.

चर्चला लागून एक मोकळा प्लॉट आहे. अण्णांचा. आमचं संडे स्कूल पत्र्याच्या शेडमध्ये भरतं, आणि उन्हाळ्यात मुलं अक्षरशः भाजून निघतात. त्या प्लॉटवर दोन खोल्या बांधाव्यात, हे कमिटीचं जुनं स्वप्न. पण अण्णांना विचारायची हिंमत कोणाला नव्हती.

एका सकाळी सुमनवहिनींचा, म्हणजे अण्णांच्या मिसेसचा फोन आला. अण्णांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, दुपारी ऑपरेशन, पाळकसाहेबांना घेऊन या. विनय आणि मी साहेबांबरोबर गेलो.

अण्णा बेडवर हिरव्या गाऊनमध्ये. हातातल्या अंगठ्या, गळ्यातली चेन, सगळं वहिनींच्या पर्समध्ये. इतका लहान दिसणारा अण्णा मी कधी बघितला नव्हता.

साहेबांना बघताच म्हणाले, "साहेब, चर्चशेजारचा प्लॉट. आत्ता लिहून देतो. वकील खाली चहा पितोय. फक्त तुम्ही वर सांगा."

"वर काय सांगू?"

"की शलमोननं प्लॉट दिलाय. म्हणजे आज दुपारी काही कमीजास्त झालं तर… तिकडे जरा बघतील."

विनयनं माझा दंड दाबला. मी मनात "हालेलूया" म्हटलं.

साहेबांनी स्टूल ओढून घेतलं, अण्णांच्या जवळ बसले आणि म्हणाले, "अण्णा, प्लॉट नको."

विनयच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला.

"नको?" अण्णांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "साहेब, तिथला रेट माहितीये का?"

"माहितीये. बरे व्हा. मग आनंदानं द्यावासा वाटला तर द्या, मी नाचत घेईन. आज नको. आज दिलात तर आत जाताना तुम्ही त्या प्लॉटचा हात धरून जाल."

"नंतर मी देणार नाही!" अण्णा उशीवरून उठलेच. मशीन टीं टीं करायला लागलं. "मी ओळखतो ना मला! बरा झालो की मी बदलतो! मागं मूतखड्याच्या वेळी चर्चला नवे बाक कबूल केले होते. दिले का?"

"नाही दिलेत."

"मग!"

"मग नका देऊ," साहेब म्हणाले.

मी मागून साहेबांचा शर्ट ओढला. "साहेब, संडे स्कूल… मुलं…" त्यांनी वळूनही बघितलं नाही.

नर्स येऊन मशीन बघून गेली. अण्णा परत आडवे झाले. मग अगदी हळू विचारलं, "मग मी आत काय घेऊन जाऊ?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, अण्णा. तो तुम्हाला ओळखतो. प्लॉटशिवाय."

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "भीती वाटते हो, साहेब."

"वाटणारच," साहेब म्हणाले, आणि त्यांचा हात धरून बसले. प्रार्थना केली ती इतकी लहान, की मी डोळे मिटेपर्यंत संपली. स्ट्रेचर आलं. दारापर्यंत साहेब हात धरून चालत गेले. खाली कॅन्टीनमध्ये वकिलांना आम्हीच सांगितलं, तुम्ही निघा.

परतताना विनय आणि मी साहेबांशी एक शब्द बोललो नाही. खरं सांगते, इतका राग मला कुठल्याच माणसाचा कधी आला नव्हता!

ऑपरेशन छान झालं. थोडे दिवस गेले आणि एका रविवारी वहिनींचा हात धरून अण्णा चर्चला आले. पहिल्या बाकाकडे गेलेच नाहीत. मागे, दाराजवळ बसले. गाणी मात्र सगळ्यात मोठ्यानं म्हटली, सगळी बेसूर. सॅम्युएल सरांनी दोनदा कानावर हात ठेवला. थैली आली, तेव्हा अण्णांच्या खिशात काही नव्हतं. त्यांनी हसून दांडा हातात घेतला आणि शेजारच्याकडे सरकवला.

उपासना संपली. साहेब पायरीवर उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. अण्णा आले. शेडमध्ये मुलांचा गोंधळ चालू होता, आणि माझ्यानं राहवलं नाही.

मी म्हटलं, "अण्णा, आता तब्येत एकदम फर्स्ट क्लास दिसतेय. मग ते… प्लॉटचं काय करायचं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. निरागस, तान्ह्या बाळासारखं.

"कुठला प्लॉट?"

मग पाळकसाहेब हसायला लागले. असे हसायला लागले की त्यांना पायरीवर खाली बसावं लागलं. त्यांना बघून अण्णाही सुटले. छातीला हात लावून तेही शेजारी बसले, हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी.

"साहेब, हसवू नका हो! टाके ओढतात!"